वरातीवर टाकलेलं गाणं

१० सप्टेंबर, बुधवार

पतसंस्थेने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. आठ महिने कोरी होती. आधीची कोरी पानं फाडून टाकणार होते, पण राहू दिली.

आज आम्ही तिघी चित्रं बघायला गेलो. चंद्रकांताबाईंनी ठरवलंय की दिवाळीपर्यंत दर आठवड्याला घराबाहेर पडायचं, आणि देवळात नाही. "देव तिथेच आहे, तो काही प्रदर्शन संपलं म्हणून जाणार नाही," म्हणाल्या. त्यांचं कापडाचं दुकान आता मुलगा अर्पित बघतो, त्यामुळे त्यांना दिवस मोठा झालाय. जरीना माझ्या शेजारची, भिंतीला भिंत. ती शिवणकाम सोडून येते म्हणजे उपकारच. मला वेळच वेळ आहे. माझे मालक लीलाधर जाऊन दोन वर्षं झाली.

शाळेच्या सभागृहात चित्रं लावली होती. मला चित्रातलं कळत नाही. पुस्तकाचं कसं, वाचत गेलं की कळत जातं. चौथीपर्यंत शिकलेली मी, नगरपालिकेच्या वाचनालयातली दोन कपाटं संपवली. चित्रासमोर किती वेळ उभं राहायचं तेच समजत नाही. एका चित्रापाशी मात्र थांबले. वरात होती. पुढे लाल कोटातला क्लॅरिओनेटवाला, गाल सपाट, कपाळ गुळगुळीत. मी म्हटलं, "असं वाजत नाही."

चित्र काढणारी मुलगी तिथेच उभी होती. तिला राग आला नाही. "मग कसं असतं, काकू?" म्हणाली.

"गाल फुगतात. कपाळावर शीर येते. माझे मालक बँडमध्ये होते, अडतीस वर्षांचा संसार आमचा."

"म्हणजे तुम्ही किती ऐकलं असेल."

मी हो म्हटलं. येताना रिक्षात जरीनाने विचारलं, कसं वाजवायचे, तेव्हा सांगून टाकलं की हो म्हटलं ते खोटं होतं. मी त्यांना वाजवताना कधी ऐकलेलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

काल दोघींना नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

बँड धुळ्याचा. तो चालवणारे अमीन मास्तर. हे हंगामात तिकडेच असायचे, तालीमही तिकडेच. लग्नाला मी जायची नाही. बँडवाल्याची बायको गेली तर बसणार कुठे, पाहुण्यांत की वाजवणाऱ्यांच्या पंगतीत? एकदा गल्लीतल्या लग्नात त्यांचा बँड आला, तेव्हा मी खिडकीतून बघितलं. गाल आणि शीर तिथेच दिसली. पण पंचवीस जण एकदम वाजवतात, त्यात ढोल. एकट्याचं काय ऐकू येणार? घरी ते क्लॅरिओनेटच्या पेटीला हात लावत नसत. म्हणत, "घरी ओठांना सुट्टी." मलाही बरं वाटायचं. घरी आलेला माणूस बोलावा, वाजवू नये.

मग पुढचे दात गेले. वरचे दात गेले की क्लॅरिओनेट संपतं, तोंडाकडचा भाग धरताच येत नाही. कवळी बसवली, ती सरकायची. त्यानंतर दोन हंगाम ते बँडबरोबर जात होते. काय करतात ते मी विचारलं नाही. पारोळ्याच्या लग्नाहून आलेल्या एका बाईने मला सांगितलं, "तुमचे मालक आता खुळखुळा वाजवतात." सगळ्या खानदेशात नाव असलेल्या माणसाच्या हातात अमीनने खुळखुळा दिला. हे काही बोलले नाहीत, पण मला कळायचं ते कळलं. हे गेले तेव्हा अमीन आला होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

आता वाटतं, निदान एकदा ऐकायला हवं होतं. आवाज सगळ्यात आधी विसरतो म्हणतात. मी ऐकलाच नाही, तर विसरूही शकत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चंद्रकांताबाईंना काल आठवलं की त्यांच्या मुलीच्या, विधीच्या लग्नात हाच बँड होता. बावीस वर्षांपूर्वीचं लग्न, कॅसेट आहे. अर्पितने ती कधीतरी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. दुपारी त्यांच्याकडे सगळे जमलो. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. का, ते मलाही सांगता येणार नाही.

आधी हळद, मग पंगत. त्यांचे मालक मिश्रीलालजी खुर्ची पुढे ओढून बसले. "हा माझा फेटा बघा. तीन वेळा सुटला होता."

"तुमच्या फेट्यासाठी कुणी आलेलं नाही," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "अर्पित, वरात लाव."

वरात लागली. आणि हे दिसले. पहिल्या रांगेत, उजवीकडून दुसरे. शेचाळीस वर्षांचे, डोक्यावर दाट काळे केस. मी ते केस विसरले होते. गाल फुगलेले, कपाळावर शीर. कॅमेरा त्यांच्यासमोर थांबला, तेव्हा त्यांनी भुवई वर केली, घरी चहात साखर कमी असली की करायचे तशी.

पण कानावर पडत होतं ते सिनेमातलं गाणं. बाई गात होती आणि मागे व्हायोलिनं. यांची बोटं एका गाण्यावर चालली होती आणि ऐकू दुसरंच येत होतं.

"बँडचा आवाज कुठाय?" मी विचारलं.

अर्पित खाली बघत म्हणाला, "काकू, तेव्हा सगळे असंच करायचे. व्हिडिओवाले वरातीवर वरून गाणं टाकायचे."

"वरात आमची, बँड आमचा, आणि गाणं कुणाचं?" चंद्रकांताबाई त्याच्यावरच चिडल्या. लग्नात तो नववीत होता, त्याचा काय दोष.

मिश्रीलालजी हळूच म्हणाले, "मी तर तेव्हा त्या व्हिडिओवाल्याला म्हणालो होतो, छान झालीय कॅसेट."

जरीना उठली आणि रिमोटने टीव्हीचा आवाज बंद केला. मग आम्ही वरात तशीच मुकी बघितली, दोनदा. तसं जास्त बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज यांची तिथी. पितरपाट्यात, पितृपक्षातल्या दशमीला. खीर, कढी, वडे केले. घास गच्चीवर ठेवला. कावळा लगेच आला, वडा घेऊन गेला, खीर राहिली. यांनाही खीर आवडत नसे. कावळ्याचं काही नसतं, हे मला कळतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चोपड्याला जाऊन आलो. जरीनाचं जुनं गिऱ्हाईक, भागाबाई. तिच्या मुलाच्या लग्नातही हाच बँड होता. एसटीत तिघींचं अर्धं तिकीट, चंद्रकांताबाईंना त्याचा फार आनंद. आयुष्यभर दुकानाच्या गाडीतून फिरल्या, आता कंडक्टरकडून तिकीट घेऊन पर्समध्ये जपून ठेवतात. पाऊस थांबलाय. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच कापूस, आणि समोर सातपुडा धुतल्यासारखा. इतक्या वेळा या रस्त्याने गेले, पण दर वेळी कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर दहाव्याला. नुसतं जायचं म्हणून आज पहिल्यांदा.

भागाबाईने आधी डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी वाढली, मग टीव्ही लावला. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हाऊ तुमना मालक शे का?"

हेच होते. आणि वर तेच गाणं. तीच बाई, तीच व्हायोलिनं. चोपड्याच्या वरातीवर जळगावच्या वरातीचं गाणं. जरीनाला हसू आवरेना. मग मलाही आवरेना. भागाबाईला वाटलं आमचं काहीतरी बिघडलंय.

"बठ्ठं शे ना त्यामा," ती म्हणाली, म्हणजे सगळं आहे. "फक्त आवाज नई शे." मग म्हणाली, "वाजे मात्र भलता गोड. दारमा एकलाच वाजाडी राहिंता, ते ऐकीसन मनी सासू रडनी व्हती."

यांना दारात एकट्याने वाजवताना ऐकून रडलेली ती सासू जाऊन दहा वर्षं झाली. येताना खिडकीशी बसून मला त्या म्हातारीचा हेवा वाटत होता. लिहायला लाज वाटते, पण वाटत होता.

भागाबाईने एक सांगितलं. व्हिडिओ काढणारा जामनेरचा हसीब. दोन्ही लग्नं त्याचीच असणार.

२० सप्टेंबर, शनिवार

जामनेर. हसीब आता पन्नाशीचा आहे, मोबाइलची कव्हरं विकतो. आम्ही काय शोधतोय ते कळल्यावर त्याने आम्हाला स्टुलं दिली आणि स्वतः उभा राहिला.

"मावशी, बँडचा आवाज कॅमेऱ्यात फाटायचा. नुसती खरखर. म्हणून आम्ही वरून गाणं टाकायचो. लोकांना तेच आवडायचं."

"मग मूळ कॅसेट असेल ना? गाणं टाकायच्या आधीची?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

"तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायचो."

त्याने एका गिऱ्हाइकाला कव्हर दाखवलं, गिऱ्हाईक गेलं, तरी आम्ही बसलेल्याच.

"लीलाधरभाऊंना मी ओळखत होतो," तो म्हणाला. "त्यांचा क्लोजअप मी प्रत्येक लग्नात घ्यायचो. चेहरा चांगला यायचा. मावशी, आम्हाला वाटायचं आम्ही चांगलंच करतोय."

त्याच्यावर चिडावं असं ठरवून गेले होते. जमलं नाही. त्याने माझ्या मोबाइलला फुकट कव्हर घातलं. निळं आहे.

आता कुठे जायचं उरलं नाही. चंद्रकांताबाईंना सांगितलं की पुढच्या आठवड्यात मी येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पंधरा दिवस लिहिलं नाही. नवरात्र गेलं, दसरा गेला. दोघी एक दिवस मेहरूणच्या तलावावर जाऊन आल्या. मला बोलावलं होतं. गेले नाही. एक कादंबरी अर्धी वाचून परत केली.

आज दुपारी जरीना आली, दारातच उभी राहिली. हातात मोठं गाठोडं. सोडून दाखवलं. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, खांद्याला झालरी. पंचवीस.

"हे कुणाचे?"

"अमीन मास्तरांचे. सात वर्षं मीच शिवते, अक्का. तुम्ही आलात की गोणपाटाखाली ढकलायचे."

सात वर्षं मी तिच्या घरी त्याच गोणपाटावर बसून चहा प्यायले.

"दसरा झाला की तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांची रोज दुपारी तालीम असते," ती म्हणाली. "हंगाम सुरू व्हायच्या आधी. तेव्हा वरात नसते, नाचणारे नसतात. तुम्ही आवाज कॅसेटीत शोधत फिरलात. त्यांच्याबरोबर वाजवणारी माणसं अजून जिवंत आहेत."

"अमीनच्या दारात मी जाणार नाही."

"नका जाऊ. मी जातेय बुधवारी ड्रेस द्यायला. पंचवीस ड्रेस एकटीला उचलत नाहीत. शेजारीण म्हणून गाठोडं धरायला याल का?"

"चंद्रकांताबाईंना ने."

"त्यांनी होच म्हटलंय. पण त्यांना गाठोडं धरता येतं का कधी? फक्त दाखवता येतं."

ती गाठोडं माझ्या ओसरीवर ठेवून गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

धुळ्याहून संध्याकाळी आले. पाय दुखतायत, पण आजच लिहायला हवं.

बँडचं दुकान रस्त्याला, तालीम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आम्ही पोचलो तेव्हा चहा चालला होता. अमीन मास्तर उठून उभे राहिले. दाढीला मेंदी लावलेली, पाठ वाकली आहे. "या, भाभी," एवढंच म्हणाले. एका ढोलावर स्वतःचा टॉवेल टाकला, मी बसावं म्हणून.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. "तुम्ही त्यांच्या हातात खुळखुळा दिलात," मी म्हटलं.

सगळ्यांचे कप थांबले.

"मी नाही दिला," मास्तर म्हणाले. "मी म्हणालो होतो, लीलाधर, आता दुकानात बस, सुपाऱ्या घे, पंखा आहे. ते म्हणाले, काहीही दे हातात, पण मला नवलच्या शेजारी चालू दे. खुळखुळा त्यांनीच मागितला."

"कशाला?"

मास्तरांनी मागे बघितलं. चाळिशीचा एक जण पुढे आला, नवल. आता पहिल्या रांगेत क्लॅरिओनेट तोच वाजवतो. "मला सूर यायचे, अक्का, पण मी लयीत पुढे पळायचो," तो म्हणाला. "आबा शेजारून चालायचे. हातात खुळखुळा आणि तोंडाने माझ्या कानात पुढची जागा गायचे. डाव्या कानात. दोन हंगाम. अजून वरातीत डाव्या बाजूला कुणी आलं की मला राग येतो."

"घरी बोलले नाहीत का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मग खरं ते सांगितलं. "मी विचारलं नाही."

मी टॉवेलवर बसले. मास्तरांना म्हटलं की ते घरी आले होते तेव्हा मी बाहेर यायला हवं होतं. ते म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बंद शेडमध्ये सगळा बँड. मी असं कधी ऐकलं नव्हतं. ढोल पोटात वाजतो, ट्रम्पेट कपाळावर, आणि पत्रा वरून आपला वेगळाच थरथरतो. चंद्रकांताबाई आधी पदराने कान झाकून बसल्या होत्या, तिसऱ्या गाण्याला मांडीवर ताल धरला, चौथ्याला चुकीच्या ठिकाणी टाळ्या वाजवल्या. युफोनियमचा भोंगा वाजवणारा त्यांना म्हणाला, "बाई, अजून संपलं नाही." त्या म्हणाल्या, "संपेपर्यंत मला धीर नाही." सगळे हसले. मीही. हे गेल्यापासून इतका वेळ सलग मी कशात रमले नव्हते.

संपल्यावर मास्तर नवलला म्हणाले, "ओठ गरम करायची चाल वाजव. लीलाधरची." मला म्हणाले, "वरातीला निघायच्या आधी दारात उभे राहून ते एकटेच ही वाजवायचे. कुणी सांगितलेली नाही, कुणासाठी नाही. मग क्लॅरिओनेट पुसून म्हणायचे, चला."

बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवली. नवलने वाजवलं.

गुलाबाईचं गाणं होतं ते. भाद्रपदात मुली म्हणतात त्यातलं, लेक सासरी निघाल्याचं, चार ओळींचं. एवढासा जीव आहे त्या गाण्याचा, पण क्लॅरिओनेटवर ते लांब झालं होतं. पहिली ओळ खाली, पायरी उतरल्यासारखी. दुसरीत सूर वर जाताना जरा चिरकतो, आणि चिरकला की गोड होतो. नवल म्हणाला की तसं मुद्दाम करायचं, आबांनी शिकवलं. गाल फुगलेले, कपाळावर शीर. मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर कदाचित हेच दिसले असते, पण मला ऐकायचं होतं.

तिसऱ्या ओळीत, शब्दाच्या मध्येच, तो थांबला. श्वास घेतला आणि पुढे गेला. दुसऱ्या वेळीही तिथेच. मला गाणं माहीत आहे, म्हणून म्हटलं, "तिथे नाही तोडायचं. ओळ सबंध आहे."

"आबा तिथेच तोडायचे."

"मी शंभरदा सांगितलं त्यांना," मास्तर म्हणाले. "एवढा दमाचा माणूस, तिथे श्वास कशाला पाहिजे? म्हणायचे, हे गाणं असंच आहे."

जरीना माझ्याकडे बघत होती. "अक्का, ही चाल मी रोज सकाळी ऐकते. भिंतीपलीकडून."

"सगळ्याच बाया म्हणतात ते."

"म्हणतात. माझ्या समोरची म्हणते, तिची सूनही म्हणते. तिथे कोण थांबतं?"

चंद्रकांताबाईंनी डब्यातली बर्फी सगळ्यांना वाटायला घेतली, अगदी नको तेव्हा. नवलला मी परत वाजवायला सांगितलं. मग आणखी एकदा. त्याने कंटाळा केला नाही. निघताना मास्तर म्हणाले, तुळशीच्या लग्नापर्यंत रोज आहे, कधीही या. चंद्रकांताबाईंनी माझ्या आधीच पुढचा बुधवार सांगून टाकला.

एसटीत दोघी माझ्या दोन्ही खांद्यांवर झोपल्या. मी जागी होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी केल्या. गाणं म्हणते की नाही, इकडे लक्ष ठेवायचं ठरवलं होतं, त्यामुळे आधी आलंच नाही. दुसऱ्या भाकरीला आपोआप आलं. पहिली ओळ थापताना. दुसरी फिरवून थापताना. तिसऱ्या ओळीत भाकरी दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकायची वेळ येते. कळण्याची भाकरी मऊ असते, तेव्हा श्वास रोखून धरला नाही तर मोडते. मी थांबले. भाकरी तव्यावर पडली, मग उरलेली ओळ म्हटली. तिसऱ्या भाकरीलाही तेच झालं. चौथीलाही.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून ते चहा घ्यायचे. पेपर हातात असायचा. मला वाटायचं वाचतायत.

बुधवारी नवलला सांगायला हवं, की तो श्वास गाण्यातला नाही, भाकरीचा आहे. तिथे न थांबता वाजवलं तरी चालेल.

नको. राहू दे.